चार दिवस आधीची तारीख

४ फेब्रुवारी

चिंगे,

पत्रास कारण धंद्याचं आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ते परत धाडशील. धंद्याचा कागद न वाचता परत करायचा नाही, हा नियम तूच घातला होतास.

तुझी निळी वही सापडत नाही. माल देणाऱ्यांची. कोणाकडे काय मिळतं, कोणाला सकाळी फोन करायचा, कोणाला जेवणाआधी चुकूनही करायचा नाही, कोण 'होऊन जाईल' म्हणाला की होणार नाही असं समजायचं, हे सगळं तू त्यात लिहून ठेवलं होतंस. दोन्ही कपाटं उपसली. बाबा म्हणाले, तिनं नेली असेल. मी म्हटलं, एवढ्या लांब कपांच्या कारखान्यात बसून तिला पेनवाल्याचा पत्ता काय करायचाय? त्यावर ते चष्मा पुसत बसले. त्यांचं ते चष्मा पुसणं तुला माहीत आहे.

दीड वर्ष एक अक्षर नाही आणि आता वहीसाठी पत्र, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं, असं तू म्हणशील. म्हण. पण वही खरंच हवी आहे.

एका पंख्यांच्या कंपनीची ऑर्डर आली आहे. त्यांच्या विक्रेत्यांचा मेळावा आहे एकतीस मार्चला. तीनशे जणांना कप, पेन आणि टोपी, सगळ्यावर कंपनीचं नाव आणि एक छोटा पंखा. तू गेल्यापासून एवढं मोठं काम पहिलंच. मधल्या काळात मी नुसती कॅलेंडरं विकली, कारण कॅलेंडराला एकच छापखाना पुरतो आणि तो आपल्या गल्लीत आहे. आता पुन्हा श्रीगणेशा.

पाच वर्षांपूर्वी बाहेरच्या खोलीत टेबल टाकून आपण हे सुरू केलं, तेव्हा मला वाटायचं की धंदा म्हणजे गिऱ्हाईक. कंपन्यांच्या दारात जायचं, तुमचं नाव छापून भेटवस्तू देतो म्हणायचं, ऑर्डर आणायची. माल काय, कोणीही देतं. म्हणून चांगले कपडे घालून गिऱ्हाइकांकडे मी जायचे आणि गोदामांचे जिने तू चढायचीस. लोकांना मी सांगायचे, 'धाकटी मागचं बघते.' मागचं! गेल्या आठवड्यात चार सप्लायरना फोन केले. चौघांनीही आधी विचारलं, 'धाकट्या बाई कुठे असतात?' एकाने तर 'त्या आल्या की बोलू' म्हणून फोन ठेवून दिला. मला नाकावर टिच्चून सांगावंसं वाटलं की मोठी मी आहे, पण फोन ठेवलेला होता.

बाबांची तब्येत बरी. त्यांच्याशी फोनवर बोलता येणार नाही, त्यांना त्यात आता खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. तुमच्या ऑफिसात मी दोनदा फोन केला होता. तो कारकून म्हणाला, 'त्या जागेवर नाहीत,' आणि मागून तुझा खोकला ऐकू आला. असो.

वहीचं कळव.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

चिंगे,

वही नाही, पण वहीतली नावं उतरवून पाठवलीस. सहा पानं. बरोबर एक ओळ नाही, कशी आहेस नाही, बाबा कसे आहेत नाही. तरी पहिल्या पानावर लाल शाईने 'नमुना वापरून बघितल्याशिवाय सही करू नकोस' असं लिहिलं आहेस. ते फक्त माझ्यासाठी लिहिलंस असं मी धरते. जुन्या वहीत ते असायचं कारण नाही.

तुझी पानं आठवडाभर आधी आली असती तर बरं झालं असतं. कप मी आधीच मागवून बसले होते. तुमच्या कारखान्यात मागवायला तोंड नव्हतं, म्हणून कॅटलॉग बघून दुसरीकडून. त्या माणसाने नमुन्याचा एक कप पाठवला. दिसायला सुरेख. मी लगेच सही करून मोकळी. तीनशे आले, खोके रचले आणि बाबांनी सवयीप्रमाणे वरचा एक कप उचलून त्यात चहा घेतला. तीनदा धुतला. तिसऱ्यांदा पंख्याची पातीच गेली, नुसता दांडा राहिला. बाबा कप उजेडात धरून म्हणाले, 'आता काही वारा येत नाही.'

मी हसले आणि मग आत जाऊन रडले. एका कपासाठी कोणी रडतं का? पण मला तुझा नमुन्याचा आठवडा आठवला. नमुना आला की तो आठवडाभर बाबांच्या हवाली. कप असेल तर चहा. पेन असेल तर शाई संपेपर्यंत 'आज हवा बरी आहे, आज हवा बरी आहे', पानंच्या पानं. मी चिडायचे, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणायचे. तू म्हणायचीस, 'ताई, गिऱ्हाईक एक दिवस बघतं. वस्तू त्याच्या माणसांच्या घरी वर्षभर राहते.'

कपवाला हात झटकून मोकळा झाला. बरोबरच आहे, सही माझी होती. शेवटी तुझ्या पानांवरच्या पेनवाल्या काकांना गाठलं. त्यांच्या ओळखीने कप पुन्हा छापून भट्टीतून काढून मिळणार आहेत. त्यांनी अर्थात विचारलंच, 'धाकट्या बाई बऱ्या आहेत ना?' मी म्हटलं, बऱ्या आहेत. मला काय माहीत?

टोप्यांचं मात्र मी चोख जमवलं. टोप्या पंचवीस मार्चला हव्या असताना टोपीवाल्याला एकवीस सांगितली आणि पठ्ठ्याने चोवीसचा वायदा केला आहे. बघ, माझं गणित बरोबरच निघालं.

हे वाचून तू ओठ मुडपलेस. मला इथे बसून दिसतंय. पण चार दिवस आधीची तारीख सांगायची, हे काही मी शोधून काढलेलं नाही. ते उशीर करतात म्हणून आपण आधीची सांगतो आणि आपण आधीची सांगतो म्हणून ते उशीर करतात. तू आता पलीकडे, माल देणाऱ्यांच्यात जाऊन बसली आहेस. तुमच्या कारखान्यातही कागदावरच्या तारखेत चार दिवस मिळवूनच भट्टी लावत असतील. नाही म्हणून सांग बरं.

पिशव्यांचं म्हणशील, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. एवढंच मला दीड वर्ष म्हणायचं होतं. आता लिहून बघितलं तर माझं मलाच बरं वाटत नाही.

तुझी ताई


१२ मार्च

चिंगे,

काल शिवणवाल्या काकूंकडे गेले होते. हो, त्यांच्याच कारखान्यात. पंख्यांच्या कंपनीला आयत्या वेळी पिशव्याही हव्या झाल्या. पण कारण तेवढंच नव्हतं. ते मागचं वाक्य लिहिल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

त्या जिन्याला कठडा नाही हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. साडेतीन वर्षं तू तो चढत होतीस, हातात कापडाचे तुकडे घेऊन. वर एक लांब खोली, आठ मशिनं, खिडक्यांवर धाग्यांची लव बसलेली. काकू सगळ्यात कोपऱ्यातल्या मशिनवर होत्या. मला ओळखलं त्यांनी. आपण जेमतेम दोनदा भेटलो असू.

'या,' म्हणाल्या. 'त्या स्टुलावर बसा. ढिगावर नको, सुया असतात.'

मी पिशव्यांचं काढलंच नाही. म्हटलं, 'काकू, ती औषध कंपनीची ऑर्डर आठवते?'

'चारशे. दोन कप्प्यांच्या.'

'तिची खरी तारीख बावीस होती.'

त्यांनी मशिन थांबवलं नाही. शिवण टोकापर्यंत नेली, धागा तोडला, मग म्हणाल्या, 'ठाऊक आहे मला. धाकट्या बाई सांगून गेल्या ना. इथेच बसून रडल्या, तुम्ही बसलात तिथे.'

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं की आपल्यातली गोष्ट आपल्यातच आहे आणि काकूंना आपण फार तर घाईतली माणसं वाटलो असू.

मी आता सगळं एकदा लिहून काढते. तुला माहीत आहे सगळं, पण माझ्या हातून ते एकदाही आलेलं नाही. तू मला विचारलं होतंस, 'ताई, काकूंच्या लेकीचे दिवस भरत आलेत, पहिलंच बाळंतपण आहे, त्यांना तिच्याकडे जायचंय. पिशव्या दोन दिवस पुढे चालतील का?' मी गिऱ्हाइकाचं पत्र फाइलखाली सरकवलं आणि म्हटलं, 'अठरा म्हणजे अठरा. एक तास चालणार नाही.' तू तोच निरोप आपल्या तोंडाने त्यांना दिलास. पिशव्या अठराला सकाळी आल्या आणि बाहेरच्या खोलीत पडून राहिल्या. वीसला तू काकूंचे आभार मानायला गेलीस, तेव्हा तुला कळलं की लेकीचं बाळ सोळाला झालं आणि सतराला गेलं, आणि काकू तेव्हा या मशिनवर बसून आपले कप्पे शिवत होत्या. तू घरी येऊन चपलाही न काढता विचारलंस, 'गिऱ्हाइकाची तारीख कधीची आहे?' मी म्हटलं, 'अठराचीच होती गं, त्यांनीच ऐन वेळी पुढे ढकलली.' तू फाइल उघडलीस.

त्या आठवड्यात तू गेलीस. मी बाबांना सांगितलं की तुला लांब चांगली नोकरी लागली.

काल मी काकूंना म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, 'ताई, तारखा सगळ्यांच्याच खोट्या असतात. मी काय आज बसलेय का या मशिनवर? तुम्ही स्वतः अठरा सांगितली असती ना, तर मी मनात बावीस धरली असती. लेकीकडे जाऊन आले असते आणि मग शिवल्या असत्या. पण निरोप धाकट्या बाईंचा होता. त्यांची तारीख कधी खोटी निघाली नव्हती. म्हणून अठराच धरली.'

चिंगे, मी त्या स्टुलावर बसून राहिले.

लेक येते का, विचारलं. 'येते की,' म्हणाल्या. 'बसते. पाणी हवं असलं तर मागून घेते. आधी माठाला सरळ हात घालायची.'

मग मी पिशव्या सांगितल्या. मेळावा एकतीसला आहे, एकतीसला सकाळी हव्यात, ही खरी तारीख. यापुढे कोणालाच दुसरी तारीख सांगायची नाही असं मी ठरवलं आहे. त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या कागदावर लिहून घेतलं. मी वाकून बघितलं, तर त्यांनी 'चार एप्रिल' लिहिलं होतं. मी म्हटलं, 'काकू, अहो खरंच एकतीस आहे.' त्या हसून म्हणाल्या, 'हो हो, सगळे असंच म्हणतात.'

तुझी ताई


४ एप्रिल

चिंगे,

हे पत्र धंद्याचं नाही. तरी वाच.

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की बाबांची तब्येत बरी आहे. ती बरी नव्हती. तेव्हाच त्यांना जिना चढताना दम लागत होता. तुला वही मागायची आणि त्यातच रडगाणं गायचं हे मला जमलं नाही, म्हणून बरी लिहून टाकलं. परवा मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हृदयाकडे जाणारी एक नळी जवळजवळ बुजली आहे. ऑपरेशन करायचं आहे, जोखीम आहे, न करण्यात जास्त आहे. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे, बाहेरगावचे, ते महिन्यातून एकदाच इथल्या हॉस्पिटलात येतात. त्यांनी सोळा एप्रिल दिली आहे. सकाळी आठ.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, 'आधी कोणाला भेटायचं असलं तर भेटून घ्यावं का?' डॉक्टर म्हणाले, 'घ्यावं.' परत येताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले, 'चिंगीला लिही.'

आत्ता मी लिहिते आहे आणि ते समोर खुर्चीत बसलेत. मघाशी विचारलं, 'खरी तारीख लिहिलीस ना? का तुझी?' मी म्हटलं, 'खरी.' म्हणाले, 'बरं.'

सोळा म्हणजे सोळा. काळ्या दगडावरची रेघ. पंधरापर्यंत ये, म्हणजे एक संध्याकाळ तरी त्यांच्याजवळ बसशील. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी स्वयंपाकघरात राहीन.

काकूंच्या पिशव्या काल आल्या. मेळावा होऊन गेल्यावर तीन दिवसांनी. पंख्यांच्या कंपनीने पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. मी काकूंना एक शब्द बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

ये.

तुझी ताई


११ एप्रिल

चिंगे,

तुझं कार्ड आलं. 'येते.' एवढाच एक शब्द, पण बाबांनी तो चष्मा लावून आणि चष्मा काढून, दोन्ही प्रकारे वाचला. आता कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. पेपरवाला आला तरी त्याला काढून दाखवतात.

कुठल्या गाडीने येतेस ते लिहिलं नाहीस. स्टेशनवर मी येऊन उभी राहीन म्हणून लिहिलं नसशील. नाही येत. तुझी खोली झाडून ठेवली आहे. खोके होते तिथे, ते सगळे बाहेर काढले. खिडकी घट्ट झाली होती, तिला साबण लावून सरकती केली.

बाबांना हॉस्पिटलात पंधराला दुपारी नेणार. घरी कोणी नसलं तर किल्ली समोरच्या वहिनींकडे असेल.

मला किती बरं वाटतंय हे लिहीत नाही. तू म्हणशील, ताईचं सगळं चार पटीने असतं.

तुझी ताई


२ मे

चिंगे,

या पत्रात धंद्याचं काहीच नाही. परत पाठवायचं असेल तर पाठव, पण मला ते लिहायलाच हवं.

तू तीन दिवस राहिलीस आणि एकही प्रश्न विचारला नाहीस. भांडी घासलीस, बाबांच्या कपड्यांच्या घड्या घातल्यास, भेटायला आलेल्यांना पाणी दिलंस. काकू आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ भिंतीला टेकून बसलीस. त्यांनी तुझा हात हातात घेतला होता. मी दारातून बघत होते. मला आत यायचं धाडस झालं नाही.

अठराला दुपारी दार मी उघडलं. तुझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप, बाबांची बोटं थरथरतात म्हणून तिकडे मुद्दाम करून घेतलेला, मोठ्या कानाचा. आणि तू हसलीस. दीड वर्षानंतर माझ्याकडे बघून हसलीस. म्हणालीस, 'काय ताई, खरी तारीख वीस ना? बघ, दोन दिवस आधीच आले.' मग तू माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलंस.

तेव्हा म्हटलं नाही. आता म्हणते. तुझं काही चुकलं नाही. कोणाची तारीख कशी वाचायची हे तुला मीच शिकवलं. काकूंनी एकतीसला चार एप्रिल लिहिलं तेव्हा ते मला डोळ्यांनी दिसलं होतं, मी तुला लिहूनही कळवलं, आणि तरी मला वाटलं की तुझ्याबाबतीत तसं होणार नाही. लांडगा आला रे आला म्हणून उगाच ओरडणाऱ्याची गोष्ट आपल्याला शाळेत होती. त्यात ओरडणाऱ्याला अद्दल घडते म्हणतात. मेंढ्यांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

आता तू जे विचारलं नाहीस ते.

चार एप्रिलचं पत्र लिहून झालं, तेव्हा बाबा म्हणाले, 'दे इकडे. खाली दोन ओळी मी लिहितो.' मी म्हटलं, 'पाकीट चिकटवलं हो मी.' चिकटवलं नव्हतं. माझ्यासमोर टेबलावर उघडं पडलेलं होतं, त्यांना खुर्चीतून दिसत नव्हतं. त्यांचं अक्षर कितीही वेडंवाकडं असतं तरी 'सोळा तारीख' एवढं त्यांच्या हातचं बघून तू पंधराला आली असतीस, हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं. पण मला वाटलं, तू माझ्या शब्दावर यावंस. एकदा तरी माझी तारीख तू खरी धरावीस. बाबांनी ताईच्या चारित्र्याचा दाखला द्यावा आणि मग तू यावंस, हे मला सहन होईना. एवढ्यासाठी मी तो कागद त्यांच्या हातात दिला नाही.

पंधराला सकाळपर्यंत तू आली नाहीस, तेव्हा तुमच्या ऑफिसात फोन केला. कारकून म्हणाला, त्या मालाच्या गाडीबरोबर बाहेर गेल्यात, सतराला तिकडूनच रेल्वेत बसणार आहेत. फोन हातात धरूनच मी बोटांवर मोजलं. सतराला निघून अठरा. वीसच्या दोन दिवस आधी. मला सगळं कळलं. त्या गाडीपर्यंत निरोप पोचवायला त्यालाही जमेना. मी डॉक्टरांकडे गेले, चार दिवस थांबता येईल का विचारलं. ते म्हणाले, 'मी थांबलो तरी ती नळी थांबणार नाही.' बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. 'गाडीला उशीर असेल' म्हटलं.

भेटायला आलेल्यांना मी सांगत होते की त्यांना आदल्या दिवसापासून गुंगीचं औषध होतं, त्यांना कशाचंच भान नव्हतं. तूही ते ऐकलंस. ऐकून तुझे खांदे थोडे खाली आलेले मी बघितले. ते खरं नाही.

बाबा पूर्ण जागे होते. सकाळी साडेसातला वॉर्डमधले मामा चाकांचा पलंग घेऊन न्यायला आले. बाबांना त्यावर घेतलं. बाबा त्यांना म्हणाले, 'दहा मिनिटं थांबता का? धाकटी येतेय माझी.' ते मामा भिंतीला टेकून उभे राहिले. बाबांनी मान दाराकडे केली. बाहेर पावलं वाजली की ते मान उचलायचे. एकदा एक परिचारिका आली, एकदा चहावाला, एकदा कोणी चुकून दुसऱ्याच पेशंटचं. दहाची बारा मिनिटं झाली. तिथे घड्याळ होतं, मी त्याच्याकडेच बघत होते कारण मला बाबांकडे बघवत नव्हतं. मग ते स्वतःच म्हणाले, 'तिनं चार दिवस धरले असतील गं.' एवढं म्हणून थोडे हसले आणि मामांना म्हणाले, 'चला.'

मी पलंगाबरोबर लिफ्टपर्यंत गेले. तिथे त्यांनी माझा हात धरला. 'तिला हे सांगायचं नाही. झोपलेलो होतो म्हणून सांग.' मी म्हटलं, 'हो.' लिफ्टचं दार लागलं. त्यानंतर ते शुद्धीवर न येताच गेले. त्यांच्याशी मी बोललेला शेवटचा शब्द तो 'हो' आहे आणि आज तोही मी खोटा पाडते आहे.

दहा दिवस विचार केला. त्यांनी सांगितलेलं लिहिलं असतं तर तुला कदाचित झोप लागली असती. पण पत्र माझ्या हातचं असतं. तू ते वाचलं असतंस आणि मनात म्हणाली असतीस, ताई सांगतेय म्हणजे यातलं किती वजा करायचं? आणि मी गेल्यावरही तू ते वजा करत राहिली असतीस. तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून जे झालं ते झालं तसं लिहिलं आहे. सात-तीस ते सात-बेचाळीस, बाबा तुझी वाट बघत होते.

ते तुझ्यावर रागावले नव्हते. शपथ घेऊन सांगते, माझ्यावरही नव्हते. रागावले असते तर मला पुढे जगायला सोपं गेलं असतं.

ताई